सेल्फ, ठिणगी आणि एक चूक : चार्ल्स केटरिंग यांची गोष्ट



गेल्या हिवाळ्यातली गोष्ट. सुटी संपवून आमचे चिरंजीव शाळेत परत निघाले होते. आम्ही अहिवाऱ्याला राहतो. भिलाईच्या पोलाद कारखान्याला चुनखडी पुरवणाऱ्या नंदिनी खाणीशेजारचे हे गाव. रेल्वे दुर्गहून, तीही सकाळची. ट्रंक डिकीत गेली, आईने हातावर दही-साखर ठेवली आणि मी चावी फिरवली. सेल्फ व्यवस्थित फिरला, इंजिन घरघरले, पण कार काही सुरू झाली नाही. मी पुन्हा चावी मारली, मग पुन्हा. सहाव्या वेळी सेल्फचा आवाज जड येऊ लागला. चिरंजीव घड्याळाकडे पाहत होते आणि मी बॅटरीला नावे ठेवत होतो.

आवाज ऐकून शेजारचे कका आले. खाणीच्या वर्कशॉपमध्ये त्यांचे आयुष्य गेले आहे. त्यांनी आधी माझा हात चावीवरून काढायला लावला. मग सेल्फ न मारता चावी फक्त 'ऑन'वर ठेवायला सांगितली आणि मागच्या सीटजवळ कान लावला. चावी ऑन केली की टाकीतला पेट्रोलचा पंप दोन-तीन सेकंद गुणगुणतो. तो आवाजच येत नव्हता. फ्यूज पाहिला, तो शाबूत होता. मग बॅटरी घेऊन ते वायरच्या मागावर निघाले आणि सीटखाली उंदराने कुरतडलेली एक वायर सापडली. तिची दोन टोके जोडून वर टेप गुंडाळली, आणि पुढच्याच चावीला इंजिन सुरू झाले. बॅटरीचा काही दोष नव्हता. मात्र मी तसाच सेल्फ मारत राहिलो असतो तर बॅटरी बसली असती आणि एका बिघाडाचे दोन झाले असते.

रेल्वे मिळाली. परतल्यावर चहा पिताना कका जुन्या कारबद्दल बोलू लागले. पूर्वीच्या कारमध्ये प्रत्येक प्लगला करंट वाटून देणारा डिस्ट्रिब्यूटर असे. त्याला ते 'डेल्को' म्हणत होते. असे म्हणणारे जुने मिस्त्री अजून भेटतात. हा शब्द कुठून आला ते त्यांना ठाऊक नव्हते आणि मलाही नव्हते. म्हणून शोधायला बसलो, तेव्हा एका माणसाचे सबंध आयुष्यच समोर आले. सेल्फ फिरणे आणि इंजिन सुरू होणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि या दोन्ही गोष्टी आपल्या हाती दिल्या त्या मुख्यतः एकाच माणसाने. त्यांचे नाव चार्ल्स फ्रँकलिन केटरिंग.

डोळ्यांनी अडवलेला मुलगा

केटरिंग यांचा जन्म 29 ऑगस्ट 1876 रोजी अमेरिकेतील ओहायो राज्यात, लाउडनव्हिल गावाजवळच्या एका शेतावर झाला. पाच भावंडांत त्यांचा नंबर चौथा. घरी शेतीकाम, शाळेत अभ्यास. पण लहानपणापासून नजर अधू. जास्त वाचले की डोके ठणकायचे. शालेय शिक्षण संपल्यावर त्यांनी खेड्यातल्या शाळेत मास्तरकी केली आणि पैसे साठवून कॉलेज गाठले. डोळ्यांनी तिथेही दगा दिला आणि शिक्षण अर्धवट सोडावे लागले.

मग त्यांनी टेलिफोन कंपनीच्या टोळीत काम धरले. खड्डे खणायचे, खांब उभे करायचे, तारा ओढायच्या. उघड्या हवेत डोळ्यांना आराम पडला आणि विजेची प्रत्यक्ष ओळखही झाली. काही काळाने ते ओहायो स्टेट विद्यापीठात परतले आणि 1904 मध्ये इलेक्ट्रिकल इंजिनिअर झाले. तेव्हा वय सत्तावीस. बरोबरीची मुले केव्हाच पुढे निघून गेली होती. वैद्यकीय तपासणीत डोळ्यांवरून अडकलेला मित्र तुमच्यापैकी कुणाला ठाऊक असेल, तर त्याला ही हकीकत जरूर सांगा.

छोट्या मोटरचे गुपित

पदवी घेतल्यावर ते डेटन शहरातल्या नॅशनल कॅश रजिस्टर कंपनीत लागले. ही कंपनी दुकानातल्या गल्ल्याची यंत्रे बनवायची. विक्रीची रक्कम नोंदवण्यासाठी दर वेळी हाताने दांडा फिरवावा लागे. त्याला विजेची मोटर लावायचे काम केटरिंग यांच्याकडे आले. अडचण अशी की, तेवढा जोर देणारी मोटर गल्ल्यात मावण्यासारखी नव्हती.

केटरिंग यांनी प्रश्नाकडे दुसऱ्या बाजूने पाहिले. गल्ल्याची मोटर दिवसभर थोडीच चालणार आहे? ती क्षणभर जोर लावणार आणि मग थांबणार. माणूससुद्धा दिवसभर क्विंटलभर ओझे वाहू शकत नाही, पण क्षणभर ते ढकलू शकतो. तसेच छोट्या मोटरलाही तिच्या नेहमीच्या ताकदीपेक्षा कितीतरी जास्त काम क्षणभर करता येते. फक्त ती तापण्याआधी थांबली पाहिजे. 1906 मध्ये विजेवर चालणारा गल्ला तयार झाला. हे गुपित त्यांना पुढे फार मोठ्या कामाला उपयोगी पडले.

कोठारातली टोळी

कंपनीतले वरिष्ठ एडवर्ड डीड्स यांच्या घरामागे एक कोठार होते. नोकरी सांभाळून केटरिंग आणि त्यांचे काही सहकारी रात्री आणि सुटीच्या दिवशी तिथे जमू लागले. त्यांनी पहिले काम घेतले ते ठिणगीचे.

पेट्रोल इंजिनाला सुरू व्हायला तीन गोष्टी लागतात : नीट दाबली गेलेली हवा, योग्य प्रमाणात पेट्रोल आणि नेमक्या क्षणी ठिणगी. तिसरी गोष्ट त्या काळी मोठी बेभरवशाची होती. केटरिंग यांनी साधी, पक्की रचना बसवली. बॅटरीचा प्रवाह तांब्याच्या कॉइलमधून जातो. इंजिनाबरोबर फिरणारा कॅम बरोबर वेळेवर पॉइंट उघडतो आणि प्रवाह तुटतो. प्रवाह तुटताक्षणी कॉइलच्या दुसऱ्या, बारीक तारेच्या वेढ्यांत हजारो व्होल्टचा दाब तयार होतो, आणि तो प्लगच्या फटीतून ठिणगी होऊन उडी घेतो. कॅडिलॅक कंपनीचे प्रमुख हेन्री लेलंड यांना ही रचना पसंत पडली. त्यांनी एकदम आठ हजार संचांची मागणी नोंदवली.

मागणी आली, पण कारखाना नव्हता. म्हणून 1909 मध्ये डीड्स आणि केटरिंग यांनी 'डेटन इंजिनिअरिंग लॅबोरेटरीज कंपनी' काढली. इंग्रजीतल्या या नावाच्या आद्याक्षरांनी होतो 'डेल्को'. ककांच्या तोंडचा शब्द तो हाच. पॉइंट आणि कॉइलची ही पद्धत पुढची साठ-सत्तर वर्षे जगभरच्या पेट्रोल गाड्यांत राहिली. आपल्याकडच्या अ‍ॅम्बेसेडर आणि फियाटमध्येही तीच होती.

हँडलचा घाव

ठिणगीचा प्रश्न सुटला, पण इंजिनाचा पहिला फेरा अजून हातानेच द्यावा लागत होता. समोर उभे राहून लोखंडी हँडल घालायचे आणि जोराने फिरवायचे. ठिणगीची वेळ आधी मागे घ्यायची असते. ती घ्यायला विसरले, तर इंजिन उलटा झटका देई आणि हँडल हातातून सुटून मनगटावर किंवा तोंडावर बसे. हाडे मोडण्याचे असे अपघात नेहमीचे होते. हेन्री लेलंड यांचे मित्र आणि मोटार बनवणारे बायरन कार्टर रस्त्यात एका बाईंची बंद पडलेली गाडी सुरू करून द्यायला उतरले, हँडलचा फटका त्यांच्या जबड्यावर बसला आणि त्या दुखण्यातच ते गेले, अशी हकीकत मोटारींच्या दुनियेत सांगितली जाते. लेलंड यांनी ही धोक्याची गोष्टच काढून टाकायचे ठरवले आणि काम आले डेल्कोकडे.

जाणकारांचे गणित असे होते की, इंजिन फिरवू शकेल एवढी मोटर आणि तेवढ्या बॅटऱ्या बसवायच्या म्हटल्या तर गाडीत माणसांना जागा उरणार नाही. केटरिंग यांना गल्ला आठवला. सेल्फची मोटरही दिवसभर चालणार नव्हती. काही सेकंद जोर लावला की तिचे काम संपले. 1911 च्या सुरुवातीला त्यांनी हे यंत्र चालवून दाखवले आणि 1912 च्या कॅडिलॅक मोटारी ते घेऊनच बाजारात आल्या. रचना मोठी हिशेबी होती. तेच यंत्र आधी मोटर होऊन इंजिन फिरवी, आणि इंजिन सुरू झाले की डायनॅमो होऊन बॅटरी भरी. त्याच बॅटरीवर ठिणगी आणि दिवेही चालत. हँडलच्या भीतीने मोटारीपासून दूर राहिलेले कितीतरी लोक, विशेषतः स्त्रिया, आता स्वतः गाडी चालवू लागल्या.

जुन्या जीपना सेल्फ असूनही पुढे हँडलसाठी भोक ठेवलेले असे. बॅटरी बसली तर अडायला नको, एवढाच त्यामागचा हेतू. पर्यायी साधन हाताशी ठेवायची ही शिस्त सैनिकांना वेगळी शिकवावी लागत नाही.

पहिल्या महायुद्धात केटरिंग लष्करासाठीही राबले. 1918 मध्ये त्यांनी डेटनमध्ये वैमानिकाशिवाय उडणारे छोटे विमान तयार केले. ठरलेले अंतर गेले की इंजिन आपोआप बंद होऊन पंख सुटत आणि स्फोटके भरलेले धड खाली कोसळे. ते रणांगणावर पोहोचण्याआधीच युद्ध थांबले. आजच्या क्षेपणास्त्रांच्या पूर्वजांत त्या विमानाचे नाव घेतात.

दोष कुणाचा?

आता या गोष्टीतला माझ्या मते सगळ्यात शिकण्यासारखा भाग.

नव्या इंजिनांत चढावर किंवा ओझे ओढताना ठकठक आवाज येऊ लागला. लोकांनी ठपका ठेवला केटरिंग यांच्या ठिणगीवर. बॅटरीची ही नवी पद्धत आल्यापासूनच इंजिने ठोकायला लागली, असे बोलले जाऊ लागले. केटरिंग वाद घालत बसले नाहीत. थॉमस मिजली नावाच्या तरुण इंजिनिअरला त्यांनी या कामावर लावले. मिजली यांनी सिलिंडरच्या आतला दाब क्षणाक्षणाला कसा बदलतो हे दाखवणारे उपकरण तयार केले. त्यातून कळले की ठोका ठिणगीच्या आधी पडत नाही, नंतर पडतो. ठिणगी तिच्या वेळेवरच पडत होती. ज्वाला सगळीकडे पोहोचण्याआधीच कोपऱ्यात उरलेली पेट्रोलची वाफ स्वतःच भडकत होती. म्हणजे दोष इंधनाचा होता.

मग इंधनात काय घालावे? केटरिंग यांना वाटले की, इंधन लाल केले तर ते उष्णता जास्त शोषेल आणि लवकर वाफ होईल. भांडारात लाल रंग नव्हता, म्हणून आयोडीन घातले. ठोका थांबला! दुसरा कुणी असता तर इथेच पेढे वाटून मोकळा झाला असता. त्यांनी मात्र खरे लाल रंग आणवून तपासले. त्यांचा काहीच परिणाम होत नव्हता. उलट आयोडीनचे बिनरंगी संयुग घातले तर ठोका थांबत होता. म्हणजे कल्पना चुकीची होती, उत्तर मात्र योगायोगाने बरोबर आले होते. आपल्या आवडत्या कल्पनेवर स्वतःच घाव घालून पाहायला धैर्य लागते. बिघाड शोधणाऱ्याची खरी परीक्षा तिथेच होते.

आयोडीन महाग होते आणि इंजिनाला खाई. शोध चालू राहिला. 9 डिसेंबर 1921 रोजी शिशाचे एक संयुग, टेट्राएथिल लेड, वापरून पाहिले. अगदी थोड्या थेंबांत ठोका साफ बंद झाला.

न तपासलेली बाजू

इथे मात्र हाच तपासनीस चुकला.

शिसे विषारी आहे हे तेव्हा नवे नव्हते. कामगारांचे डॉक्टर पिढ्यान्‌पिढ्या ते पाहत आले होते. अल्कोहोल मिसळले तरी ठोका कमी होतो हे केटरिंग यांच्या प्रयोगशाळेलाही ठाऊक होते. पण शिशाचे संयुग स्वस्त होते, थोडे पुरत होते आणि त्यावर पेटंटचा हक्क मिळत होता. 1923 मध्ये ते बाजारात आले. विक्रीसाठी निघालेल्या कंपनीचे पहिले अध्यक्ष केटरिंगच होते आणि मालाच्या नावात शिशाचा उल्लेखही नव्हता. मिजली स्वतः शिशाच्या विषबाधेने आजारी पडले. ऑक्टोबर 1924 मध्ये न्यू जर्सीतल्या एका कारखान्यात हे संयुग बनवणारे कामगार भ्रमिष्ट होऊन कोसळू लागले. त्यांतले पाच दगावले. विक्री काही काळ थांबली. 1925 च्या सरकारी परिषदेत डॉ. अ‍ॅलिस हॅमिल्टन यांच्यासारख्या तज्ज्ञांनी स्पष्ट विरोध केला. तरीही 1926 मध्ये विक्री पुन्हा सुरू झाली आणि पुढची अनेक दशके जगभरच्या गाड्या धुरातून शिसे सोडत राहिल्या. या शिशाचा सर्वांत वाईट परिणाम लहान मुलांच्या वाढत्या मेंदूवर होतो. भारतात शिसेयुक्त पेट्रोल 1 फेब्रुवारी 2000 पासून बंद झाले, म्हणजे आज शिकवणारे तुमचे बहुतेक शिक्षक त्याच धुरात वाढले. जगातल्या शेवटच्या देशात, अल्जीरियात, ते 2021 साली थांबले.

केटरिंग दुष्ट होते असे मला म्हणायचे नाही. त्यांनी इंजिनाला विचारले की तुझा ठोका थांबला का, आणि इंजिनाने होकार दिला. हा उपाय श्वासात घेणाऱ्यांचे काय, हा प्रश्न त्यांनी तितक्या नेटाने विचारला नाही. इतरांनी विचारला तेव्हा मानला नाही. लाल रंगाच्या बाबतीत जी सचोटी दाखवली तीच शिशाच्या बाबतीत दाखवली असती, तर कदाचित इतिहास वेगळा झाला असता.

अपयश आणि अखेर

1920 पासून 1947 पर्यंत केटरिंग जनरल मोटर्स कंपनीच्या संशोधन विभागाचे प्रमुख होते. तिथे त्यांनी एक उघड अपयशही सोसले. पाण्याऐवजी तांब्याच्या पात्यांनी आणि हवेने थंड होणारे इंजिन त्यांनी मोठ्या हौसेने बनवले. ते रस्त्यावर टिकले नाही आणि 1923 मध्ये विकलेल्या गाड्या परत बोलवाव्या लागल्या. त्यांनी राजीनामा देऊ केला. कंपनीने तो घेतला नाही. पुढे त्यांच्याच विभागाने हलकी, जोरकस डिझेल इंजिने घडवली आणि 1930 च्या दशकात अमेरिकेत कोळशाच्या इंजिनांची जागा डिझेल इंजिने घेऊ लागली. 1945 मध्ये न्यूयॉर्कला कर्करोग संशोधनाची मोठी संस्था उभी राहिली. तिच्या नावात केटरिंग यांचे नाव आहे. एकशे ऐंशीहून जास्त पेटंट नावावर असलेला हा माणूस 25 नोव्हेंबर 1958 रोजी वारला. डेटनशेजारच्या एका शहराला त्यांच्या हयातीतच केटरिंग हे नाव मिळाले होते.

आता तुमची पाळी

एखाद्या दिवशी तुमच्याही घरची गाडी अडून बसेल. सेल्फ फिरेल, इंजिन सुरू होणार नाही. तेव्हा एवढे ध्यानात ठेवा. सेल्फ जोरात फिरतो आहे, म्हणजे बॅटरी आणि सेल्फ बहुधा ठीक आहेत. त्यांना दोष देऊ नका. चावी सतत मारू नका. एका वेळी पाच-सात सेकंद पुरे, मग थोडे थांबा. टाकीत इंधन आहे ना, ते पाहा. हसू नका, पुष्कळदा तेच कारण असते. पेट्रोलची नवी गाडी असेल तर चावी ऑन करून पंपाचा आवाज ऐका आणि फ्यूज पाहा. चावी ओळखणारा छोटा दिवा लुकलुकतच राहिला, तर गाडी चावीच ओळखत नसेल. पेट्रोल येत असेल तर मग ठिणगीकडे वळा : प्लग ओला आहे की कोरडा, करंट येतो की नाही. हे मात्र जाणत्या माणसासमोरच तपासायचे. तिथे हजारो व्होल्ट असतात आणि जवळ पेट्रोल असते. डिझेल गाडीला ठिणगी नसतेच. तिथे नळीत हवा शिरली आहे का, फिल्टरमध्ये पाणी साचले आहे का आणि थंडीत ग्लो प्लग तापतो का, हे पाहायचे. एका वेळी एकच गोष्ट तपासायची आणि दुरुस्ती झाली तरी कारण सापडेपर्यंत थांबायचे नाही. ककांनी वायर जोडल्यावर त्याच दुपारी उंदराचे बीळ शोधून बुजवले.

केटरिंग यांच्या आयुष्याने याला आणखी एक ओळ जोडली आहे. गाडी सुरू झाली म्हणजे काम संपले असे नाही. आपल्या उपायाने दुसऱ्या कुणाला इजा तर होत नाही ना, हेही त्याच कसोशीने पाहायचे. उद्या तुमच्या हुकमावर गाड्या निघतील आणि त्या गाड्यांत माणसे बसलेली असतील. तेव्हा हा प्रश्न विचारायची जबाबदारी तुमची असेल.

जय हिंद!

— एक पालक, अहिवारा